शशीचा वाकडा टाका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे बसते तेव्हा हा विषय मनात आला की डोळे घट्ट मिटून घेते — जसं काही मी मिटले की त्याचेही मिटतात. आज तुम्हाला काहून सांगायला बसले, तेही मला धड ठाऊक नाही. तुम्ही शशीला ओळखत नाही, एवढाच काय तो धीर.

शशी माझी शेजारीण. हुडकेश्वरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. आम्ही राहायला आलो तेव्हा चहूकडे शेतंच होती, रस्त्याचा पत्ता नव्हता, दिवसभर माणूस दिसायचं नाही. करमेना म्हणून आम्ही दोघी गोधड्या शिवायला बसलो आणि मग त्याचं वेडच लागलं, बाप्पा. इतवारीच्या बाजारातून कटपीस आणायचे, उन्हाळ्याच्या दुपारी कूलरसमोर पसरायचे, एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. रेघ आखायची नाही, पट्टी लावायची नाही. कडेपासून टाका धरायचा आणि नजरेच्या भरवशावर फिरत फिरत आत यायचं. मधोमध पोचलं, की शेवटचं तोंड शिवण्याआधी तिथे चिमूटभर तांदूळ सोडायचे. गोधडीचं पोट उपाशी ठेवू नये, असं शशीची आई म्हणायची. ही रीत माझ्या घरात शशीनेच आणली.

माझा टाका सरळ. अगदी आखल्यासारखा. बायका पाहायला यायच्या आणि मला त्याचा तोराही होता, खोटं कशाला बोलू? शशीचा हात माझ्याइतकाच मुरलेला, पण बाई लहरी. लहर लागली तर सुरेख, नाही तर कसंतरीच.

मग ते मासिक आलं. गोधडीकामाचंच होतं, माझ्या मुलीने पुण्याहून सुरू करून दिलेलं. आम्ही दोघी एकाच अंकात डोकी घालून वाचायचो. पुढची पानं नवशिक्यांची, ती पाहून हसायचो. पण शेवटी एक सदर असायचं — मुरलेल्या हातांसाठी. त्यात दर अंकात एकीची गोधडी छापायचे आणि संपादक बाई लिहायच्या की सफाई पुष्कळ झाली, आता टाका मोकळा सोडा, आपलं स्वतःचं काही करा. मोकळा सोडा म्हणजे नेमकं काय करा? मला काही केल्या उमजेना. रंग बदलून पाहिले, तुकडे तिरपे लावून पाहिले. फोटो पाठवला की उत्तर यायचं, काम फार स्वच्छ आहे. स्वच्छ! मोरीसुद्धा स्वच्छ असते.

त्या उन्हाळ्यात शशी आपल्या घरी एकटीच काहीतरी शिवत होती. मला दाखवत नव्हती. आणि एका दुपारी घेऊन आली, माझ्यापुढे पसरली. मधला भाग तेवढा राहिला होता. एका अंगाला तिच्या आईच्या लुगड्याचा हिरवा तुकडा होता आणि कडेपासून सरळ येणाऱ्या सगळ्या ओळी त्या तुकड्यापाशी आल्या की वळसा घेत होत्या. मौद्याकडे तिच्या माहेरच्या शेतात विहीर आहे, नांगर तिला वळसा घालून जातो, तशा. तिने ठरवून काही केलं नव्हतं. हात वळला, मी वळू दिला, एवढंच म्हणाली. आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

मला कळलं. पाहताक्षणीच कळलं — हेच ते. मी इतके दिवस जे शोधत होते ते ही बाई न शोधता घेऊन आली होती. माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू...

थांबा. आधी आणखी एक सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही मला आहे त्यापेक्षा बरी समजाल. शशीच्या आईची नजर म्हातारपणी गेली होती. शेवटी शेवटी ती म्हातारी सुई बोटात धरून नुसती बसून राहायची. शशीने ते पाहिलं होतं. सुईत दोरा ओवायला जरा वेळ लागला तरी तिचा चेहरा उतरायचा. ही धास्ती तिने फक्त मला सांगितली होती.

आणि मी — मी ती गोधडी उचलली, उजेडाकडे धरली आणि अगदी मायेने म्हणाले, "शशी, टाका वाकडा जाऊन राहिला वं. डोळे दाखवून घे."

तिने ओळींवरून बोट फिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"मले वाटलं, मीच वळवून राहिली," ती म्हणाली.

तेव्हा तरी मला बोलता आलं असतं ना? हो गं, तूच वळवलंस, एवढंच तर म्हणायचं होतं. मी चहा टाकायला उठले.

ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, चष्म्याचा नंबरही तोच. मला वाटलं, सुटले एकदाची. पण शशीने डॉक्टरचं मानलं नाही. त्यांनी भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली, टाका कुठे पाहिला, असं तिचं म्हणणं. टाका पाहिला होता मी. टाक्याच्या बाबतीत माझ्यापुढे डॉक्टर कोण?

तिने सुई सोडली. कापडांचं गाठोडं, कात्री, बोटात घालायचा अंगुस्ताना, सगळं आणून माझ्या पलंगावर ठेवलं. ती अर्धवट गोधडीही ठेवली. तू पुरी कर, तिचं पोट उपाशी नको राहायला, म्हणाली. रडली वगैरे नाही. दुपारी यायची तशी येत राहिली, फक्त रिकाम्या हातांनी बसायची. तिच्या आईसारखी.

मी ती पुरी केली नाही. समोर ठेवून दुसरी शिवली. नवं कापड घेतलं, हिरव्याच्या जागी जांभळा तुकडा लावला — चोराची अक्कल पाहा! — आणि एकेका ओळीचा वळसा तिच्या वळशावर बोट ठेवून उतरवून घेतला. शशी यायच्या वेळेला दोन्ही गोधड्या दिवाणात टाकायची. फोटो पाठवला. छापून आला, पानभर. खाली माझं नाव. संपादक बाईंनी लिहिलं होतं, हा हात आता मोकळा झाला.

अंक मी लपवणार होते, पण नवरा भोळा, तो आनंदाने गल्लीभर दाखवत फिरला. शशी आली. आपल्या हाताची ओळ कोण ओळखणार नाही? तिने पदराने चष्मा पुसला, अंक खिडकीशी नेला, पुष्कळ वेळ पाहिला.

"पाहा बरं," ती म्हणाली, "हे वळण कसं मनातून आलं. माहं तं डोळ्यानं आलं होतं."

आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी काय केलं असेल? हसले. पेढा दिला तिला.

तुम्ही म्हणाल, नंतर कधी तरी सांगायचं होतं. रोज तर ती समोर बसायची. खरं आहे. सांगितलं असतं तर ती पुन्हा शिवायला बसली असती आणि सगळ्यांना कळलं असतं, की मोकळा हात कुणाचा. ते मला नको होतं. आज सांगताना लाज वाटते. पण तेव्हा नको होतं म्हणजे नकोच होतं.

गेल्या थंडीत शशीची मुलगी बाळंतपणाला आली. आमच्याकडे बाळाचं पहिलं दुपटं आजी शिवते, आपल्याच जुन्या लुगड्याचं. शशीने आपलं मऊ झालेलं लुगडं धुतलं, घडी घातली आणि माझ्या दारात आली.

"तूच शिव वं. लेकराच्या अंगाखाली माहा वाकडा टाका नको."

मी शिवलं. सरळ टाक्याचं, आखल्यासारखं. बारशाला शशी एकेकीला त्याची कड उलटून दाखवत होती आणि बायका माझ्या हाताचं कौतुक करत होत्या. बाळ त्याच्यावर झोपलं होतं.

तिची अर्धवट गोधडी अजून माझ्या दिवाणात आहे. मधलं तोंड उघडंच.

शशीचे डोळे चांगले होते. आजही चांगले आहेत. कमी झालेत ते माझे. परवा दोरा काही केल्या सुईत जाईना. शशी बाजूलाच बसली होती. तिने सुई घेतली, पहिल्याच झटक्यात ओवली आणि पुढे केली. मी घेतली.