फौजींचं गप्प राहणं

तापोळ्याच्या काठावर परवा एका लाँचचं इंजिन उघडलं आणि जळक्या रबराचा वास नाकात शिरला. कोवळं ऊन जलाशयावर पसरलं होतं, पलीकडचे डोंगर पाण्यात उलटे उतरले होते. पण त्या वासानं मला तिथून उचललं आणि थेट कृष्णाकाठी, इस्लामपूरकडच्या एका गावात नेऊन टाकलं. बोटींची इंजिनं दुरुस्त करत मी सातारा-सांगलीत हिंडतो. उन्हाळ्यात डोंगरावरच्या जलाशयांतल्या सहलीच्या बोटी, आणि पावसाच्या तोंडावर पुरासाठी बोट राखून ठेवणारी नदीकाठची गावं.

त्या गावाची बोट सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ चालवत. गाव त्यांना फौजी म्हणे. उंच, मितभाषी, बोट अशी पुसत जणू ती दुसऱ्या दिवशी कुणाला दाखवायची आहे. एका मे महिन्यात मी त्यांचं इंजिन खोललं. इंजिन थंड ठेवायला पाणी वर ओढणारा एक रबरी पंखा आत असतो, तळहातावर मावेल एवढा. त्याच्या पात्यांना चिरा गेल्या होत्या. नवा माझ्याकडे नव्हता. जुनाच परत बसवत मी म्हणालो, "पाऊस लागायच्या आत नवा घेऊन येतो."

"नक्की या, मिस्त्री. पाणी चढलं की माणसं माझ्याकडं बघत्यात," ते म्हणाले.

मी गेलो नाही. विसरलोही नव्हतो. महाबळेश्वरकडे हंगाम जोरात होता, आणि पूर काय दरवर्षी येतो का, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

पूर आला. तिसऱ्या फेरीला भर प्रवाहात इंजिन तापून बंद पडलं आणि बोट बुडालेल्या बाभळीवर आदळून कलंडली. फौजींनी पाच जणांना एकेक करून फांद्यांवर चढवलं. सहावी एका तरुण शेतकऱ्याची बायको होती. तिचा हात त्यांच्या हातातून निसटला. पाणी उतरल्यावर ती उसाच्या फडात सापडली.

मग मला बोलावणं आलं. देवळापुढच्या चिखलात, साऱ्या गावादेखत, मी इंजिन खोललं. पंख्याची तीन पाती तुटलेली होती. तिचा नवरा समोर उभा होता.

"मिस्त्री, खरं सांगा. चूक मशिनीची का चालवणाऱ्याची?"

मी मान वर केली. त्याच्या मागे फौजी होते, आणि मे महिन्यात माझ्याशेजारी बसून त्यांनी त्या चिरा पाहिल्या होत्या.

"रेस लय दिली," मी म्हणालो, "मशीन तापलं." आणि पंखा खिशात घातला.

आता ते बोलतील, असं वाटलं. ते बोलले नाहीत. नवऱ्यानं पायातली चप्पल काढून त्यांच्या तोंडावर मारली. कुणी आडवं आलं नाही, मीही नाही. पुढं गावानं त्यांना अबोल्यानं मारलं. ते पारावर टेकले की बसलेली माणसं उठत. वाचलेल्या पाचांतलाही कुणी त्यांच्या दारी गेला नाही. बोट दुसऱ्याच्या हाती गेली. मी मात्र दरवर्षी जात राहिलो, आणि मला लोक चहा पाजत राहिले. एकदा घाटावर ते एकटे दिसले, तेव्हा धीर करून विचारलं, "फौजी, तवा का बोलला न्हाईसा?"

"तिचा हात माझ्या हातातनं सुटला, मिस्त्री," ते नदीकडे बघत म्हणाले. "तुमच्या न्हवं. मग त्यात तुमचं नाव कशाला घालू?"

मागच्या हिवाळ्यात ते गेले. खांद्याला भावकीतले चौघे तेवढे होते म्हणे, आणि तेही घाईत. ते ऐकलं आणि मी त्या नवऱ्याच्या शेतावर गेलो. तो उसाला पाणी पाजत होता. मी सगळं सांगितलं. तो मारेल असं वाटत होतं. खरं तर मार खायलाच मी गेलो होतो. त्यानं फावडं टेकवलं.

"आता कशाला सांगताय? इतकी वर्सं त्याच्यावर राग धरून जगलोय मी. आता नव्यानं कुणावर धरू? जावा तुमी."

आणि तो पाटाकडं वळला.

वर्षं सरतील तशी लाज झिजत जाईल, अशी माझी समजूत होती. ती झिजली नाही. पण त्या दुपारी बांध उतरताना मला हलकं वाटलं, हेही खरं. भूक लागली होती. इस्लामपूरच्या स्टँडवर बसून मी पोटभर जेवलो. आज मागं वळून बघतो तेव्हा केलेल्या साऱ्या गोष्टींत त्या जेवणाचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.