वेशीवरचं विरजण

कुणाला अत्तराचा नाद असतो, कुणाला तमाशाचा. ग्यानीरामाला कुजण्याचा होता. कुजलेल्या पाल्याची मूठ नाकाशी धरून तो असे डोळे मिटायचा की बघणाऱ्यालाच लाज वाटावी. त्याची बायको गोमती विहिरीवर सांगायची, "पाहुणा आला तं हा आधी त्याले खताचा खड्डा दाखवते, मंग पाणी पाजते."

ठेकेदार जंगलातला साग तोडून न्यायचा. मागं साल, भुसा आणि पाला पडून राहायचा. ग्यानीराम तो बैलबंडीत भरून आणी. पण सागाचं पान भारी हट्टी. देश स्वतंत्र झाला त्या साली खड्ड्यात घातलेली पानं दोन पावसाळे खाऊनही शिरा ताणून पडली होती. शेवटी त्यानं जुन्या मोहाच्या बुडातली काळी, पांढऱ्या तंतूंची माती टोपलीभर आणून त्यात मिसळली. दुधाला विरजण, तसं हे पाल्याला. आता हवा होता फक्त हिरवा ओलावा.

तो त्याला वेशीवर सापडला. पोळ्याला दारोदार पळसाच्या फांद्या ठेवतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी, नारबोदाच्या सणाला, 'घरातली रोगराई घेऊन जा गे नारबोद' म्हणत ते मेढे वेशीबाहेर टाकायचे. गाव जेवायला बसलं तसा ग्यानीराम बंडी घेऊन गेला. पळस तो पळस, त्यात काय!

खड्डा वाफाळला. चैतापर्यंत खत चहापत्तीसारखं झालं, आणि पुढचा धान असा आला की गावचा पाटील कुंजीलाल बांधावरून हलेना. बैठकीत ठरलं, घरटी एक टोपली विरजण न्यायचं आणि आपापला खड्डा लावायचा. ग्यानीरामाला आयुष्यात एवढंच हवं होतं. त्यानं खड्ड्याभोवतीची जागा सारवून घेतली, जसं काही लगीनच.

सगळे टोपल्या घेऊन आले. कुंजीलालनं सहज विचारलं, यात काय काय हाय गा? झालं! ग्यानीरामाला खताविषयी कुणी विचारलं की त्याच्या तोंडाला बांध राहत नसे. साल सांगितली, भुसा सांगितला, मोहाची माती सांगितली, आणि मेढेही सांगितले.

कुंजीलालनं टोपली उपडी ठेवली.

"आमी पिडा बाहेर टाकली, अन् तू थे गावात घेऊन आला?"

"पिडाबी कुजली असंन तं बरंच झालं ना पाटील," ग्यानीराम म्हणाला. एकेक टोपली रिकामीच परत गेली.

पुढच्या पावसात जनावरांना तोंडखुरीची साथ लागली. शेजारच्या गावांतही लागली होती, पण तिथं ग्यानीराम नव्हता, म्हणून ती कुणी हिशेबात धरली नाही. कुंजीलालचा खिल्लारी बैल मेला.

नारबोदाच्या सकाळी सगळं गाव खड्ड्यावर आलं. ग्यानीरामाच्या मनासारखंच झालं म्हणायचं. प्रत्येक घरानं एकेक टोपली खत भरून डोक्यावर घेतलं आणि 'घेऊन जा गे नारबोद' ओरडत वेशीबाहेर नेऊन ओतलं. वर रॉकेल टाकून पेटवायलाही माणसं उभी होती.

शेवटी गोमती आली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही, नुसती टोपली पुढं केली. तिलाही गावातच राहायचं होतं. ग्यानीरामानं फावडं घेतलं. खड्ड्याच्या तळाशी उरलेलं, सगळ्यात काळं, सगळ्यात चांगलं खत त्यानं भरलं आणि टोपली तिच्या डोक्यावर चढवली. तिनं वरून हातानं दाबलं तसा तो सवयीनं बोलून गेला,

"दाबू नको वं. हवा लागते त्याले."