डोळे मिटून बसता येईना

समुपदेशकांच्या त्या पाच दिवसांच्या शिबिराला मी स्वतःहून गेले नव्हते. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, तुमचंच नाव पाठवलंय. तेवढीच जरा विश्रांती." मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि समुपदेशन कक्षही माझ्याकडेच आहे. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक कॉम्प्युटर, ज्यावर मला परीक्षा विभागाचंही काम करावं लागतं.

शिबिर जुळे सोलापूर भागात, एका सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. शिकवायला साठीच्या एक बाई होत्या, आयुष्यभर दवाखान्यात समुपदेशन केलेल्या. सकाळी गेल्या गेल्या मोबाईल टोपलीत ठेवायचा आणि सतरंजीवर डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं. मन भरकटलं तर चिडायचं नाही, हळूच परत आणायचं. मुलांना मी वर्षानुवर्षं हेच सांगत आले होते. स्वतः बसले तर दोन मिनिटांत पायाला मुंग्या, मानेला खाज, आणि डोक्यात नुसता गोंधळ. शेजारी बसणारे एक सर इतके निवांत असायचे की मला त्यांचा रागच यायचा. ते झोपतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

तिसऱ्या दिवशी मी मध्येच उठले आणि चप्पल घालून बाहेर आले. पार्किंगमध्ये उन्हात येरझाऱ्या घालू लागले.

थोड्या वेळाने बाई आल्या. "काय झालं?"

"मला नाही जमत हे."

"न जमू दे. पण डोळे मिटले की काय दिसतं?"

सांगायचं नव्हतं, तरी बोलून गेले. शिबिराच्या आदल्या आठवड्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आली होती. करमाळ्याकडच्या एका खेड्यातली, हॉस्टेलवर राहणारी. मी गुण भरत होते. "बोल, ऐकतेय मी," म्हणाले, पण नजर स्क्रीनवर. ती काहीतरी बोलत होती, मी "हं, हं" करत होते. मग ती थांबली. मी म्हटलं, "मग?" ती म्हणाली, "काय न्हाय मॅडम, असंच." आणि गेली. मी उरलेले गुण भरले. घरी गेल्यावर लक्षात आलं, ती काय बोलली त्यातला एक शब्दही मला आठवत नव्हता. दोन दिवसांनी रेक्टरबाई म्हणाल्या, ती सामान घेऊन गावी गेली.

मला वाटलं, बाई आता म्हणतील, स्वतःला माफ करा. त्या म्हणाल्या, "मग तिला फोन करा की."

"मोबाईल टोपलीत आहे."

"टोपलीला काय कुलूप आहे?"

रेक्टरबाईंकडून नंबर घेऊन मी पार्किंगमधूनच फोन लावला. आईने उचलला. कॉलेजातली मॅडम म्हटल्यावर ती घाबरलीच. "काय केलं का पोरीनं?"

"काही नाही हो, सहज चौकशी केली. आहे का ती?"

"शेरडं घिऊन गेलीया. कालिज नगं म्हनतीया बगा. आमाला तर काय बी सांगंना. तुमीच इचारा की."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुझं ऐकतच नव्हते. चुकलं माझं. एकदा येशील?"

ती म्हणाली, "मला कळलं हुतं मॅडम."

सोमवारी ती आली, आईला सोबत घेऊन. आई बाहेर बाकावर बसली. मी कॉम्प्युटर बंद केला. तरी आत तीच तगमग होती. दर मिनिटाला वाटायचं, काहीतरी सुचवावं, उपाय सांगावा. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. तिने सांगितलं ते एवढंच होतं. तोंडी परीक्षेत उत्तर बरोबर दिलं, पण "व्हय सर" म्हणाली म्हणून सर हसले आणि सगळी बॅच हसली. त्यानंतर चार महिने ती वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. चार महिन्यांनी पहिल्यांदा बोलायला आली, ती माझ्याकडे.

त्या सरांना मी भेटले. "अहो, गंमत केली," म्हणाले. मी सोडलं नाही. ते चिडले, महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण वर्गातलं हसणं थांबलं, एवढं तिनेच मला सांगितलं.

ती राहिली. परीक्षेपर्यंत दर आठवड्याला यायची. कधी बोलायची, कधी नुसती खिडकीबाहेर बघत बसायची, आणि मला ते गप्प बसणं बोलण्यापेक्षा जड जायचं. पुढच्या वर्षी कॉलेज सुरू झालं तेव्हा दारातूनच तिने विचारलं, "मॅडम, आता दर आठवड्याला न्हाय आले तर चालंल का? प्रॅक्टिकलची आमची टोळी जमलीय, तितं वेळ जातो."

"चालेल की," मी म्हणाले. ती धावतच गेली. तिच्यासाठी राखून ठेवलेला तो अर्धा तास मी खोलीत बसून काढला, काय करावं ते न कळून.