फादर यायच्या आधीचा चहा

इस्त्रीवालीला किळस यायची, आणि ती लपवायची अक्कल देवानं तिला दिली नव्हती. एका लॉजच्या तळघरात ती चादरी धुऊन इस्त्री करायची. परक्यांचे डाग, परक्यांचे केस, अभ्र्यांवरचे तेलकट पिवळे गोल. हे सगळं दोन बोटांत धरून, नाक मुरडत, न पाहिलेल्या पाहुण्यांच्या सात पिढ्या उद्धरत ती पांढरंशुभ्र करून द्यायची. तिथं कुणाची तक्रार नव्हती. डाग गेल्याशी मतलब.

पंचाईत घरी होती. तरुण लेक स्कूटरवरून पडली आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. जीभ तेवढी शाबूत, उलट आणखीच धारदार झालेली. एवढ्या मोठ्या पोरीचं हगणंमुतणं आईनं काढायचं. काढलंही तिनं, एकही दिवस न चुकता. पण दर वेळी तोंडातून "शी!" निघायचंच. पोटच्या गोळ्याची किळस! हे पाप आहे, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

पाप तर पाप, फादरांपाशी कन्फेशनला जाऊन, कबूल करून मोकळं व्हावं की नाही? पण तिथं 'पुन्हा असं करणार नाही' असा निश्चय सांगावा लागतो, आणि संध्याकाळी पुन्हा चादर होतीच. देवाच्या तोंडावर खोटं कसं बोलायचं? म्हणून कन्फेशन बंद, आणि कन्फेशन नाही म्हणून कम्युनियनही, म्हणजे फादरांच्या हातचा ख्रिस्तप्रसादही, बंद. रविवारच्या मिस्सेत तो घ्यायला सगळे वेदीकडे रांगेनं निघाले की ही गुडघे आवळून बाकावरच बसायची आणि पलीकडच्यांना वाट द्यायची. लहानपणापासून ज्याच्या आधारावर आठवडा ढकलला, तेच तोंडचं गेलं. भरल्या ताटासमोर हात बांधून बसल्यासारखं तिला व्हायचं, आणि घरी येऊन ती भांडी आपटायची.

घरात तर पळायलाही जागा नव्हती. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजारी माणसांसाठी कम्युनियन घेऊन यायचे. लेकीला दिलं की आईकडे वळायचे. त्यावर हिनं तोड काढली. कम्युनियनच्या आधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही, असा नियम आहे. जिन्यात फादरांची चाहूल लागली की ही कपभर उकळता चहा घशात ओतायची. "आत्ताच चहा झाला हो, फादर." जीभ पोळली तरी बेहत्तर, पण खोटं बोलणं नाही! फादर भिडस्त. मान हलवायचे आणि जायचे.

अशात चर्चच्या सभागृहात मातांना आध्यात्मिक धीर देण्यासाठी बाहेरून एक व्याख्यात्या बाई आल्या. अंगावर एक सुरकुती नाही, आवाजाला मध लावलेला. "मातांनो," बाई म्हणाल्या, "बाळाचं मळकं दुपटंसुद्धा देवाला वाहिलेलं फूल समजा. हसत उचला! खऱ्या आईला किळस शिवत नाही. शिवलीच, तर समजा, प्रेम आटलं." बायका डोळे पुसायला लागल्या. जन्मभर नाक दाबून दुपटी धुतलेल्या बायका, त्यांना एकाएकी त्यात फुलं दिसू लागली! असल्या गोडबोल्या उपदेशानं अंगावर पाल पडल्यासारखं होतं. पण इस्त्रीवालीला तो पटला, हेच वाईट. प्रेम आटलं, हे आता माइकवरून जाहीर झालं होतं.

त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी फादरांबरोबर बाईही घरी आल्या. 'आजारी बहिणीला दोन शब्द' सांगायला. चहा घशात ओतून इस्त्रीवाली तयारच होती. बाईंनी लेकीच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि लांबलचक प्रार्थना सुरू केली. ती मध्यावर आली असेल-नसेल, तोच खोलीत वास सुटला.

बाईंचं हसू जागेवरच राहिलं, पण हात उचलला गेला. मग रुमाल निघाला. मग "मला जरा... हवा..." म्हणत बाई जिन्यात पोचल्यासुद्धा. 

"शी! शी! शी!" इस्त्रीवाली ओरडली. "अगं भवाने, हाच मुहूर्त सापडला तुला? फादर, तुम्ही तिकडं तोंड करा." तोंड वाकडं करत, ओकारी गिळत तिनं लेकीला कुशीवर वळवलं, पुसलं, धुतलं, पावडर लावली, चादर बदलली. हात धुऊन आली तेव्हा फादर अजून भिंतीकडेच बघत होते.

"झालं. द्या तिला," ती म्हणाली. "माझा चहा झालाय."

"फादर, ती चहा मुद्दाम पिते," लेक म्हणाली. "दर वेळी."

फादर वळले. "आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला तो तासाभराचा नियम नसतोच. मला वाटायचं, तुम्हालाच कम्युनियन नको आहे. म्हणून बोललो नाही."

इस्त्रीवाली मटकन स्टुलावर बसली. इतक्या वेळा जीभ पोळून घेतली ती फुकट! आता आडोसाच उरला नव्हता. ती म्हणाली, "मला हिची किळस येते, फादर. माझ्याच पोरीची. आत्ता आली, रात्री पुन्हा येईल. पुन्हा येणार नाही असं कबूल करायला सांगू नका, मी नाही करणार."

"पण यात पाप कुठलं—" फादर चाचरत म्हणाले.

"प्रेम आटलंय. त्या बाईच म्हणाल्या."

"त्या बाई?" लेक उसळली. "माझ्याकडे बघून हसत हसत पळाल्या त्या? आई, मला काय माझा वास येत नाही? मलाही माझी किळस येते, रोज. तू 'शी' म्हणतेस ना, तेव्हा वाटतं, या घाणीत मी एकटी नाही. तू उद्या हसत माझी चादर काढलीस तर मी मरून जाईन." मग फादरांना म्हणाली, "हे पाप असेल तर ते माझंही आहे. तिला नाही, तर मलाही देऊ नका."

फादरांनी कम्युनियनची डबी उघडली आणि आधी आईसमोर धरली.

तिच्या हातांना अजून फिनेलचा वास होता. ते पुढे करताना तिला लाज वाटली, तरी तिनं ते पुढे केले. "आमेन," ती म्हणाली, आणि स्टुलावर बसल्या बसल्या हुंदके देऊन रडली. वास काही गेला नव्हता.