आधी दोन घास

तपासणीचा रिपोर्ट हल्ली मोबाइलवर येतो. दवाखान्यात समोरच्या बाकावर बसलेल्या एका माणसाचा फोन वाजला. त्याने रिपोर्ट उघडून वाचला आणि भर गर्दीत तो एकटा पडला. शेजारच्याला पत्ताही नव्हता.

आमच्या गावाकडे वाईट बातमी कुणाला उपाशीपोटी सांगत नाहीत. आधी जेवू घालतात, मग कुणीतरी वडीलधारं माणूस शेजारी बसून हळूच सांगतं.

दवाखान्यांच्या फेऱ्या मारून आई आणि मी दोघंही थकलो होतो. घरात शिकलेला मी एकटाच, म्हणून तिच्या गाठीचा रिपोर्ट माझ्या फोनवर आला. जिने शाळा न पाहता मला पदवीपर्यंत पोचवलं, तिचंच हे मला वाचावं लागलं. मी फोन खिशात ठेवला.

"काय आलंय रे?"

"आत गेल्यावर डॉक्टर सांगतील. की मीच सांगू?"

"डॉक्टरला घाई असती बाबा. तूच सांग, आपल्या बोलीत. पण थांब जरा."

तिने पिशवीतून डबा काढला. मला वाटलं, आता ती जेवून घेईल. तिने पिठलं-भाकरी माझ्या हातात ठेवली.

"तोंड बघ कसं उतरलंय. आधी दोन घास खा."

बातमी तिची होती आणि जेवू मला घातलं जात होतं. मी सावकाश खात राहिलो. भाकरी संपूच नये असं वाटत होतं. ती पाण्याची बाटली धरून शेजारी बसून होती. मी शेवटचा घास गिळल्यावर तिने बाटली पुढे केली.

"हं," ती म्हणाली, "सांग आता."