सज्ज्यावरचा आजोबा

सावेली कुझ्मिच हे नाव सारातोव्हमध्ये फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळे त्याला 'सज्ज्यावरचा आजोबा' म्हणत. मोठ्या उपवासाआधीच्या आठवड्यात व्होल्गाकाठी जत्रा भरे. तिथल्या लाकडी घोड्यांच्या चक्रीला माथ्याशी एक अरुंद सज्जा होता. सावेली ठिगळांचा अंगरखा घालून, कमरेपर्यंत तागाची दाढी लावून तिथे उभा राही, आणि गर्दीतलं एखादं माणूस बोटानं टिपून त्याची यमकांत खिल्ली उडवी. पहिल्यांदा ती दाढी लावली तेव्हा त्याला स्वतःला धड मिशाही फुटल्या नव्हत्या. आता तागाखाली खरी पांढरी दाढी होती.

त्याच्या थट्टेचा राग कुणी धरत नसे. ज्या मुलीच्या चालीला आजोबा नावं ठेवील तिचं वर्षभरात लग्न जमतं, असा गावाचा समज होता. त्यामुळे आया मुलींना कोपरानं ढकलत पुढे आणत. पिंपं बनवणारा निकिफोर तर दरवर्षी टोपी मागे सारून मुद्दाम समोर येई. त्याचं नाक उकडलेल्या बिटासारखं लाल होतं.

"आजोबा, यंदा माझ्या नाकाचं काय?"

"निकिफोर आला रे, दिवे मालवा,
नाकाच्या उजेडात जत्रा चालवा!"

लोक सूर्यफुलाच्या बिया फोडायचं विसरून हसत, आणि सर्वांत मोठ्यानं निकिफोर. पुढच्या वर्षी त्याच नाकावर नवं काहीतरी निघे. काय निघणार ते सावेलीलाही आधी माहीत नसे. तोंड दिसलं की शब्द येत, एवढंच त्याला ठाऊक होतं.

मग नव्या सोव्हिएत सरकारनं जत्रा बंद केली. दोन हिवाळे सावेलीनं लाकडाच्या वखारीवर पहारा केला. घरी तो कुणाशी फारसा बोलत नसे. एकोणीसशे एकतीस साली टेकडीवर कामगारांचं उद्यान उभं राहिलं आणि तीच जुनी चक्री, घोड्यांना नवा रंग देऊन, तिथे बसवली गेली. उद्यानाचा व्यवस्थापक लाप्शिन स्वतः वखारीवर आला.

"आजोबा, चला परत. लहानपणी तुम्ही माझ्या कानांची थट्टा केली होती, आठवतं?"

"कान आठवतात. अजून तेवढेच आहेत," सावेली म्हणाला.

लाप्शिन हसला. "फक्त एक आहे. बोलायचं ते आधी लिहून मजकूर तपासणाऱ्या समितीला द्यावं लागेल. तीन प्रती."

सावेलीला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याची मुलगी झिना साबणाच्या कारखान्यात टंकलेखिका होती. ती रविवारी यंत्र घरी घेऊन आली.

"सांगा बाबा."

"काय सांगू? समोर कोण आहे?"

"मी आहे."

"तुझी थट्टा करू? तुझं लग्न झालंय."

शेवटी त्याची बायको अग्राफेना डोक्याला रुमाल बांधून खोलीभर फिरली. कधी कोळीण झाली, कधी दारुडा, कधी सासू, कधी रांगेत उभ्याउभ्या झोपलेली बाई. सावेलीला शब्द सुचू लागले. मध्येच तो थांबला तशी झिनानं विचारलं, "अडलात का?"

"नाही गं. इथे लोक हसतात. त्यांना हसून घेऊ द्यावं लागतं."

झिना कामाला चोख होती. तिनं कंसात लिहिलं: लोक हसतात. असे एकतीस कंस झाले. मजकुराबाहेर एकही शब्द जाणार नाही अशी हमी खाली द्यायची होती. बापाला सही येत नव्हती म्हणून तिनं स्वतःची केली.

समितीच्या बाईंनी लाल पेन्सिल हातात घेतली. सासू गेली, कारण तो स्त्रियांचा अपमान होता. दारुडा गेला, कारण ती कामगारांची बदनामी होती. रांगेत उभी राहून झोपलेली बाई का गेली ते त्यांनी सांगितलं नाही.

"मग हसायचं कुणाला?" सावेलीनं विचारलं.

"का? पाद्री आहेत, परदेशी भांडवलदार आहेत."

"बाई, ते चक्रीवर येत नाहीत. मी बोट कुणाकडे दाखवू?"

टेबलाच्या टोकाला कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. बाईंनी नवी यमकं लिहवून घेतली. कंसांना मात्र हात लागला नाही. शिक्का बसला तेव्हा तेही मंजूर मजकुरात गेले.

उद्यान उघडलं त्या दिवशी सावेलीनं सज्ज्यातून खाली पाहिलं. बाई कागदावर बोट ठेवून उभ्या होत्या. त्यांच्या मागे एका कारखान्यातून आणलेली वीस तरुण मंडळी दोन रांगांत होती. लाप्शिननं मजकूर वाचला होता, आणि कंसातलंसुद्धा जे मंजूर आहे ते झालंच पाहिजे याची त्यानं सोय केली होती.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत निकिफोर पुढे आला. बराच थकला होता. त्यानं टोपी मागे सारली.

"आजोबा! दोन वर्षं झाली! नाकाचं काय?"

शब्द आला. अगदी दातांपर्यंत आला. सावेलीला तो जिभेवर गरम धिरड्यासारखा जाणवला. लोकांनी माना वर केल्या, बायांनी लेकरं खांद्यावर घेतली. मग त्याला झिना दिसली. ती बाईंच्या शेजारीच उभी होती आणि दोन्ही हातांनी रुमालाचं टोक पिळत होती.

सावेलीनं बोट उचललं.

"परदेशी शेठजीचं पोट हे फुगलं,
कामकऱ्यांच्या घामावर आजवर जगलं!"

वीस जण हसले. निकिफोरनं मागे वळून पाहिलं, आजोबा कुणाकडे बोट दाखवतोय म्हणून. मागे चक्रीच्या तिकिटांची खिडकी होती. त्यानं टोपी सरळ केली आणि तो गर्दीत मिसळला.

सावेली उन्हाळाभर रोज उभा राहिला. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. लाप्शिन खूश होता. वृत्तपत्रात चार ओळी छापून आल्या, त्या झिनानं वाचून दाखवल्या. आया मुलींना आता पुढे ढकलत नव्हत्या. चक्री फिरे, लोक बसत आणि उतरून जात.

पाऊस-चिखल सुरू झाल्यावर उद्यान बंद झालं. एका दुपारी सावेली निकिफोरच्या पिंपांच्या छपरीत गेला. ओल्या ओक लाकडाचा वास होता, दुसरं कुणी नव्हतं. निकिफोरनं हातातला हातोडा खाली ठेवला.

"त्या दिवशी बाई होती, मला कळलं रे. रागावलो नाही मी. आता सांग. दार लावू?"

"लाव."

निकिफोर दार लावून आला, पिंपावर बसला आणि त्यानं टोपी मागे सारली. नाक होतं तसंच होतं, शेंड्याशी थोडं निळं पडलेलं.

सावेली बघत राहिला. निकिफोर थांबला. सावेलीनं दाढीवरून हात फिरवला, घसा साफ केला, एक पाऊल मागे जाऊन नाक पुन्हा नीट पाहिलं. ते फक्त एक नाक होतं.

"घाई नाही," निकिफोर म्हणाला.

बऱ्याच वेळानं सावेलीचं तोंड उघडलं.

"परदेशी शेठजीचं पोट हे फुगलं..."

पुढची ओळही आपसूक आली. मग सवयीनं तो थांबला, हसायला जेवढी जागा ठेवायची तेवढा.

निकिफोरनं त्याच्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून तो हसला.