वगळलेला पाऊस

साखर कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त होऊन रामहरी पुणतांब्याला परतले आणि त्यांनी गच्चीवर छोटंसं हवामान केंद्र बसवलं. वारा, ऊन, पाऊस यांचे आकडे दर पाच मिनिटांनी खालच्या कॉम्प्युटरवर यायचे. त्यांचा सारांश काढणारं सॉफ्टवेअर रामहरींनी स्वतः लिहिलं होतं. सकाळी सहाला कालचं हवामान चार ओळींत गावाच्या ग्रुपवर पडायचं. लोक चहाआधी ते वाचायचे, याचा त्यांना मनातून फार अभिमान.

सप्टेंबरात ते मुलीकडे नगरला गेले असताना एका दुपारी गावात धो धो पाऊस कोसळला. पाऊण तासात अजिनाथचं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं. सारांशात मात्र आलं: पाऊस एकोणीस मिलिमीटर.

आठवड्यानं रामहरी परतले, तर अजिनाथ ओट्यावर वाट बघत बसलेला. दोघं एकाच वर्गातले.

"सरकारी यंत्रावर पाऊस कमी दिसतोय म्हून पंचनामा अडलाय. साहेब म्हनले, गावात कुनाकडं नोंद असंल तर जोडा. पर तुझं एकोणीस कसं रे? बांधावरून पानी वाहत हुतं!"

रामहरी तसेच कॉम्प्युटरसमोर बसले. प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचत गेले आणि एका ओळीशी थांबले. पाच वर्षांपूर्वी पाऊस मोजायचं भांडं धुताना उगाच मोठे आकडे आले होते. तेव्हा त्यांनीच लिहून ठेवलं होतं की पाच मिनिटांत सहा मिलिमीटरच्या वर आकडा आला, तर तो चूक समजून वगळायचा. खरा पाऊसच चूक ठरून बाहेर पडला होता.

मूळ आकडे सात दिवसांनी आपोआप पुसले जायचे. आज आठवा दिवस होता.

पुसलेले आकडे परत मिळतात का बघायला ते श्रीरामपूरला दुकानात कॉम्प्युटरची डिस्क घेऊन गेले, हातापाया पडले. "काका, त्या जागेवर नवे आकडे बसलेत," दुकानदार म्हणाला. घरी पत्नी सविताताईंनी ताट वाढलं, ते तसंच राहिलं.

"अहो, दोन घास तरी खा."

"माझ्या हातानं पुसला गं मी त्याचा पाऊस."

दुसऱ्या दिवशी अजिनाथ येऊन त्यांच्या खुर्चीला टेकून उभा राहिला. "यंत्र तुझं, आकडा तुझा. नव्वद टाक. पडलाच हुता तेवढा."

रामहरींनी नऊ दाबला, मग शून्य. आकडा खरा वाटत होता. कदाचित खराही असेल. पण मोजलेला नव्हता. त्यांनी तो खोडला.

"एकोणीस चूक आहे, प्रोग्रॅमनं मोठा पाऊस गाळला, एवढं मी लिहून देतो. नव्वद कसं लिहू?"

"त्या कागदानं चूल पेटवू का?" म्हणत अजिनाथ निघून गेला. पण कागद त्यानं अर्जाला जोडला. कार्यालयातून उत्तर आलं: आकड्याविना नोंद ग्राह्य नाही.

रामहरींनी ग्रुपवर कळवलं की पाच वर्षांतले मोठ्या पावसाचे सगळेच आकडे कमी असू शकतात. अजिनाथनं येणं सोडलं. रामहरी दोनदा गच्चीवर गेले, पण यंत्राला हात लावावासा वाटेना.

ऑक्टोबरात अजिनाथ कुजलेलं सोयाबीन काढून बांधावर टाकू लागला. रामहरी न बोलावता विळा घेऊन गेले आणि शेजारच्या ओळीत वाकले. अजिनाथनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. पण जा असंही म्हणाला नाही.